प्रपंच आणि सेवाव्रत : कॅथलिक डीकनचे जीवन

परोपकाराचे व्रत घ्यावयाचे तर घरादाराचा त्याग केला पाहिजे, अशी एक समजूत आपल्या लोकांत पुष्कळ काळापासून रूढ आहे. ज्याच्या मागे बायकामुलांचा व्याप आहे त्याने आपले घर सांभाळावे, आणि ज्याला जनसेवा करावयाची आहे त्याने मोकळे राहावे, असे आपण सहज बोलून जातो. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात तर ही समजूत अधिकच पक्की होण्याचा संभव आहे. कारण ज्या फादर, ब्रदर व सिस्टर यांना ते पाहतात, त्या सर्वांनी आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतलेले असते. तथापि त्याच कॅथलिक धर्मसंस्थेत असाही एक दीक्षित सेवक आहे की, जो सकाळी डबा घेऊन कचेरीत किंवा कारखान्यात जातो, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो, महिनाअखेरीस वाण्याचे बिल चुकते करतो, आणि रविवारी वेदीजवळ उभा राहून शुभवर्तमान वाचून दाखवितो. त्याला डीकन असे म्हणतात. त्याचे जीवन कसे असते, त्याचे पद कोठून आले, मध्यंतरी ते का मावळले व पुन्हा कसे उदयास आले, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. त्यावरून संसार हा सेवेच्या आड येतोच असे नाही, एवढे जरी वाचकांच्या ध्यानात आले तरी पुरे.

‘डीकन’ हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील ‘दियाकोनोस’ या शब्दापासून निघाला आहे. त्याचा अर्थ सेवक, कोणाच्या तरी वतीने काम करणारा, असा आहे. आणि मराठी बायबलात ‘सेवक’ हाच शब्द त्यासाठी योजिला आहे. पंक्तीत वाढणाऱ्या मनुष्यासही ग्रीक लोक हेच नाव देत. या पदाचा उगम ज्या प्रसंगात शोधला जातो, तो प्रसंग पंक्तीचाच आहे. बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तो आला आहे. यरुशलेमातील पहिल्या ख्रिस्ती मंडळीत गरीब विधवांना रोज अन्नाची वाटणी होत असे. त्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या लोकांची तक्रार झाली. तेव्हा प्रेषितांनी सर्वांना बोलावून चांगल्या लौकिकाचे सात पुरुष निवडण्यास सांगितले, आणि प्रार्थना करून त्यांच्या मस्तकावर हात ठेवून हे काम त्यांच्याकडे सोपविले. या सात जणांना त्या अध्यायात डीकन हे नाव प्रत्यक्ष दिलेले नाही. परंतु धर्मसंस्थेच्या परंपरेने त्यांच्याकडेच या पदाचे पूर्वज म्हणून पाहिले आहे. एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. हे पद निर्माण झाले ते एखाद्या समारंभाची शोभा वाढविण्यासाठी नव्हे, तर उपाशी राहणाऱ्या विधवांच्या तक्रारीवर उपाय म्हणून.

या सातांपैकी स्तेफनाचे नाव सर्वांत प्रसिद्ध आहे. तो दगडमाराने मारला गेला, आणि ख्रिस्ती धर्मासाठी प्राण देणारा पहिला पुरुष म्हणून त्याचा मान आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सातांतील दुसरा एक पुरुष अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे नाव फिलिप्प. स्तेफनाच्या वधानंतर यरुशलेमात मोठा छळ सुरू झाला, आणि अनेकांबरोबर फिलिप्पालाही ते शहर सोडावे लागले. त्या वधाला संमती देणारा व घरोघर शिरून ख्रिस्ती लोकांना तुरुंगात टाकणारा तरुण शौल हाच पुढे पौल या नावाने मोठा प्रेषित झाला. पुष्कळ वर्षांनी पौल यरुशलेमाकडे जाताना कैसरिया या बंदरात उतरला. तेव्हा तो कोणाच्या घरी राहिला? त्याच फिलिप्पाच्या! फिलिप्प तेथे आपल्या चार अविवाहित मुलींसह राहत होता, आणि त्या मुली ईश्वराचा संदेश सांगत असत, एवढेच बायबलाने लिहून ठेविले आहे. ज्याच्या संमतीने आपला सोबती मारला गेला व ज्याच्या भीतीने आपल्याला गाव सोडावे लागले, त्याच मनुष्यासाठी फिलिप्पाने आपल्या घराचे दार उघडले आणि त्याला अनेक दिवस ठेवून घेतले. पंक्तीची व्यवस्था पाहण्यासाठी निवडलेल्या सेवकाचे घरच शेवटी पंक्तीचे ठिकाण झाले. त्याचे घर त्याच्या सेवेपासून वेगळे राहिलेच नाही.

पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात डीकन कसा असावा याविषयी नियम दिले आहेत. तो गंभीर असावा, दुटप्पी बोलणारा नसावा, द्रव्यलोभी नसावा, हे तर आहेच. त्याखेरीज तो एकाच स्त्रीचा पती असावा, आणि आपल्या मुलाबाळांची व घराची व्यवस्था त्याने चांगली ठेविलेली असावी, अशीही अट आहे. म्हणजे ज्याला घर नीट चालविता येते त्यालाच मंडळीची सेवा सोपवावी, असा या नियमाचा रोख आहे. आपल्याकडेही प्रपंच नेटका करून परमार्थ साधणाऱ्याचे मोल लोकांनी ओळखले आहे. पैठणचे एकनाथमहाराज गृहस्थाश्रमी होते हे कोणास ठाऊक नाही? तेव्हा ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये.

पहिल्या काही शतकांत डीकनचे महत्त्व फार मोठे होते. बिशपचे डोळे, कान व हात म्हणून तो काम करी. गोरगरिबांची यादी ठेवणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे, मंडळीच्या द्रव्याचा हिशेब राखणे ही कामे त्याच्याकडे असत. रोम शहरातील संत लॉरेन्स हा असाच एक डीकन. सन २५८ मध्ये सम्राट व्हॅलेरियन याच्या कारकीर्दीत तो मारला गेला. धर्मसंस्थेचा खजिना हजर कर, असा हुकूम झाला तेव्हा त्याने शहरातील गोरगरीब व अपंग यांना गोळा करून आणले आणि हाच आमचा खजिना, असे सांगितले, अशी त्याच्याविषयी परंपरागत कथा आहे. कथेतील तपशील नंतरच्या काळात भरला गेला असला, तरी डीकन म्हणजे काय हे लोकांनी कसे ओळखले होते ते तीवरून कळते.

पुढे मात्र पश्चिमेकडील धर्मसंस्थेत हे पद हळूहळू मागे पडले. धर्मगुरूंची संख्या व त्यांचे अधिकार वाढले. दानधर्माचे काम मठांकडे व इतर संस्थांकडे गेले. आणि दीक्षितांनी अविवाहित राहावे हा नियम दृढ होत गेला. परिणाम असा झाला की, डीकन हे धर्मगुरू होण्यापूर्वीची एक पायरी एवढेच उरले. आजही धर्मगुरू होऊ इच्छिणारा विद्यार्थी आधी निदान सहा महिने डीकन असतो, आणि मग पुढची दीक्षा घेतो. पूर्वेकडील मंडळ्यांत मात्र कायम डीकन राहणाऱ्यांची परंपरा चालू राहिली. पश्चिमेत ती पुन्हा सुरू व्हावी अशी इच्छा ट्रेंट येथील धर्मपरिषदेने सन १५६३ मध्ये व्यक्त केली होती. परंतु ती चारशे वर्षे कागदावरच राहिली.

ती इच्छा पुन्हा जागी झाली ती एका फार भयंकर ठिकाणी. जर्मनीत म्युनिक शहराजवळ डाखाऊ येथे नाझी सरकारने छळछावणी उभारली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे अडीच हजारांहून अधिक ख्रिस्ती धर्मगुरू कैदेत होते, व त्यांना ठेवण्यासाठी निराळ्या बराकी होत्या. भूक, रोगराई व मृत्यू यांच्या सान्निध्यात काही धर्मगुरू आपसांत विचार करीत की, हे संकट ओसरल्यावर आपली धर्मसंस्था लोकांच्या अधिक जवळ कशी जाईल? कामगारांच्या वस्तीत, कचेऱ्यांत, सामान्य गृहस्थांच्या घरी ती कोणाच्या पावलांनी पोहोचेल? संसार करणाऱ्या, स्वतःची भाकर स्वतः मिळविणाऱ्या पुरुषांना डीकनची दीक्षा द्यावी, हा त्या चर्चेतून निघालेला एक विचार होता. ऑटो पीस व विल्हेल्म शामोनी हे दोन कैदी धर्मगुरू छावणीतून जिवंत बाहेर आले. पीस यांनी सन १९४७ मध्ये आपल्या लेखात हा विचार मांडला, आणि शामोनी यांनी सन १९५३ मध्ये कुटुंबवत्सल पित्यांना डीकनची दीक्षा देण्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. दरम्यान सन १९५१ मध्ये फ्रायबुर्ग शहरी हानेस क्रामर या समाजसेवेचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाने समविचारी मित्रांचे एक मंडळ स्थापन केले होते. हे तरुण गोरगरिबांत काम करीत, एकत्र प्रार्थना करीत, आणि आपल्या या सेवेला धर्मसंस्थेने दीक्षेचे बळ द्यावे अशी मागणी करीत.

सन १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, आणि तेथे या प्रश्नाचा खल झाला. विरोध करणारेही पुष्कळ होते. विवाहित डीकन आले म्हणजे उद्या धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्यालाही धक्का लागेल, अशी भीती त्यांना वाटत होती. ता. ३० ऑक्टोबर १९६३ रोजी मते घेतली तेव्हा १,५८८ बिशप अनुकूल व ५२५ प्रतिकूल निघाले. ता. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी परिषदेने हे पद कायमस्वरूपी पुनः सुरू करण्यास व विवाहित प्रौढ पुरुषांनाही ते देण्यास मान्यता दिली. ता. १८ जून १९६७ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्यासंबंधीचे नियम जाहीर केले. आणि ता. २८ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील कोलोन शहरी पाच विवाहित पुरुषांना डीकनची दीक्षा मिळाली. सन २०२२ च्या अखेरीस जगात अशा कायम डीकनांची संख्या ५०,००० हून अधिक झाली होती. त्यांपैकी बहुतेक उत्तर व दक्षिण अमेरिका आणि युरोप या खंडांत आहेत. आशियात ते फार थोडे आहेत.

आता डीकनला काय करता येते व काय करता येत नाही ते पाहू. तो बालकांना बाप्तिस्मा देतो. वधूवरांचा विवाह लावतो. मिस्सेच्या वेळी शुभवर्तमान वाचतो व उपदेश करतो. आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन नेऊन देतो. आणि मृतांच्या अंत्यविधीचे पौरोहित्य करतो. परंतु मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकून क्षमा देणे, व आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार करणे ही कामे धर्मगुरूचीच आहेत. वेदीजवळ असताना डीकनचा स्टोल, म्हणजे खांद्यावरचा पट्टा, डाव्या खांद्यावरून तिरका उजव्या बगलेकडे गेलेला असतो. त्यावरून तो ओळखू येतो. त्याची कामे तीन प्रकारची मानली आहेत : वचनाची सेवा, वेदीची सेवा आणि गोरगरिबांची सेवा. या तिहींपैकी तिसरी गळाली तर उरलेल्या दोहोंना अर्थ राहत नाही. कारण, वर सांगितल्याप्रमाणे, हे पद जन्मास आले तेच भुकेल्यांसाठी. ज्याने शनिवारी रुग्णालयातील एकाकी म्हाताऱ्याचा हात हातात धरला आहे, त्यानेच रविवारी वेदीजवळ उभे राहून लोकांच्या प्रार्थना बोलून दाखवाव्या, अशी ही योजना आहे.

डीकन होण्याची वाट सोपी नाही. विवाहित पुरुषाचे वय निदान ३५ वर्षांचे असावे लागते. अविवाहिताला २५ व्या वर्षानंतर दीक्षा मिळू शकते, परंतु त्याने मग आजन्म अविवाहित राहिले पाहिजे. शिक्षण निदान तीन वर्षांचे असते. नोकरी सांभाळून, संध्याकाळी व सुटीच्या दिवशी बायबल, धर्मतत्त्वे, उपदेशकला व रुग्णसेवा यांचा अभ्यास करावा लागतो. परंतु या सर्वांहून महत्त्वाची एक अट आहे, आणि तिच्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. पत्नीच्या संमतीवाचून कोणाही विवाहित पुरुषाला ही दीक्षा मिळत नाही! बिशप कितीही अनुकूल असो, पुरुष कितीही विद्वान असो, घरातल्या बाईने ‘नाही’ म्हटले की विषय तेथेच संपला. ही संमती केवळ उपचार नव्हे. आपल्या पतीच्या वेळेवर, झोपेवर व मनावर उद्यापासून परक्यांचाही हक्क राहील, हे ओळखून तिने ती द्यावयाची असते. म्हणून अनेक ठिकाणी पतीबरोबर पत्नीही या वर्गांना बसते.

आणखीही एक कठीण गोष्ट आहे. दीक्षा घेतल्यावर डीकनची पत्नी वारली तर त्याला पुन्हा विवाह करता येत नाही. त्यातून मोकळीक देण्याचा अधिकार पोपकडे आहे, परंतु ती क्वचितच मिळते. चाळिशीच्या घरातील, लहान मुले असलेला पुरुष जेव्हा हे पद स्वीकारतो, तेव्हा तो आपल्या पुढच्या सर्व आयुष्याविषयी केवढा गंभीर शब्द देत असतो, हे वडीलधाऱ्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दीक्षाविधीच्या वेळी तो वेदीपुढे जमिनीवर पालथा पडतो व सारी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. मग बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतो व शुभवर्तमानाचा ग्रंथ त्याच्या हाती देऊन, वाचन, श्रद्धा, शिकवण व आचरण यांत अंतर पडू न देण्याविषयी त्याला बजावतो. तो जमिनीवर पडलेला असतो तेव्हा मागच्या बाकावर त्याची पत्नी व मुले बसलेली असतात. त्यांच्या आयुष्यालाही त्या क्षणी नवे वळण लागत असते.

अशा गृहस्थाचा एखादा आठवडा कसा जात असेल याचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. सकाळची प्रार्थना म्हणून तो कामावर जातो. कोणी शिक्षक असतो, कोणी वकील, कोणी गवंडी, कोणी बँकेतला कारकून. विवाहित डीकनांपैकी पुष्कळांना धर्मसंस्थेकडून वेतन नसते. आपल्या कुटुंबाचा चरितार्थ ते आपल्या धंद्यावरच चालवितात. सोमवारी संध्याकाळी विवाह ठरलेल्या तरुण जोडप्यांना तो मार्गदर्शन करतो. त्यांना तो घरभाडे, सासर-माहेर, आजारपण व रुसवेफुगवे यांविषयी जे सांगतो, ते पुस्तकातले नसते. त्याने ते सोसलेले असते. मध्येच कोणाचे निधन झाले तर रजा काढून अंत्यविधीला जावे लागते. एखाद्या संध्याकाळी तुरुंगात किंवा रुग्णालयात फेरी होते. शनिवारी बाप्तिस्म्याची तयारी, रात्री रविवारच्या उपदेशाचे टिपण. आणि याच आठवड्यात मुलाची परीक्षा असते, आईचा दमा उसळलेला असतो, घराचे छप्पर गळत असते!

येथेच या जीवनाची खरी कसोटी आहे. दोघांचा हक्क एकाच संध्याकाळवर असतो : एकीकडे अंथरुणाला खिळलेला अनोळखी रुग्ण, दुसरीकडे वाट पाहत बसलेले स्वतःचे मूल. कोणाकडे जावे? डीकनांना शिक्षण देणारे गुरुजन याचा जो क्रम सांगतात तो ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. प्रथम कुटुंब, मग उपजीविकेचे काम, आणि त्यानंतर धर्मसंस्थेतील सेवा, असा तो क्रम आहे. विवाहाचा संस्कार आधी झालेला आहे व दीक्षा नंतर. नंतरच्या वचनाने आधीचे वचन मोडता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व होय. अर्थात तत्त्व सांगणे सोपे व पाळणे कठीण. लोकांत नाव होऊ लागले की घराकडे दुर्लक्ष होण्याचा मोह मोठा असतो. कारण घरातील सेवेबद्दल कोणी टाळ्या वाजवीत नाही. डीकनच्या पत्नीला रविवारी मुलांना घेऊन एकटीनेच बाकावर बसावे लागते, कारण पती वेदीजवळ असतो. मुलांनी थोडी खोडी केली तरी लोक बोट दाखवितात. हे सर्व ती सोसते, आणि तिला ना दीक्षा असते, ना वेतन, ना पदवी. म्हणून डीकनच्या सेवेचा अर्धा वाटा तिचा आहे असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. याच जीवनात काही दुर्मीळ आनंदही आहेत : आपल्या मुलीचा विवाह स्वतः लावण्याचे, आणि पुढे नातवाच्या मस्तकावर बाप्तिस्म्याचे पाणी स्वतः घालण्याचे भाग्य या पित्याला लाभू शकते.

पतिपत्नींनी मिळून ही सेवा कशी करावी याचे एक बोधप्रद उदाहरण मेक्सिको देशात आहे. त्या देशाच्या दक्षिण टोकाला चियापास नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथे त्सेल्ताल, त्सोत्सिल इत्यादी भाषा बोलणारे मूळचे रहिवासी मक्याची शेती करून राहतात. वाड्या दूरदूर, वाटा बिकट, आणि धर्मगुरू थोडे. सान क्रिस्तोबाल दे लास कासास येथील बिशप सामुएल रुईस यांनी सन १९६० ते २००० या चाळीस वर्षांच्या कारकीर्दीत या लोकांतूनच, त्यांचीच भाषा बोलणारे विवाहित शेतकरी निवडून त्यांना डीकनची दीक्षा दिली. त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. त्या लोकांच्या रीतीप्रमाणे गावाची जबाबदारी उचलणारा मनुष्य संसारी असावा लागतो, आणि ती जबाबदारी पतिपत्नी मिळून वाहतात. त्यामुळे दीक्षाविधीतही पत्नी पतीच्या शेजारी उभी राहू लागली. रोममधील अधिकाऱ्यांना यात दोन शंका आल्या : एक, स्त्रियांनाही दीक्षा दिली जाते असा लोकांचा समज होईल, दुसरी, इतके विवाहित डीकन व इतके थोडे धर्मगुरू यांतून विवाहित धर्मगुरूंची मागणी पुढे येईल. म्हणून सन २००२ मध्ये तेथे नव्या डीकनांची दीक्षा थांबविण्यास सांगण्यात आले. बारा वर्षे ते काम स्थगित होते. जे आधीच डीकन झाले होते ते आपली शेती व आपली सेवा चालवीतच राहिले. परंतु म्हातारे झालेल्यांच्या जागी नवे येईनात. सन २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या कारकीर्दीत ही बंदी उठली. आणि सन २०१६ च्या फेब्रुवारीत ते स्वतः चियापासला गेले तेव्हा त्यांनी बिशप रुईस यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. अधिकाऱ्यांच्या शंका व डोंगरातील लोकांची रीत यांपैकी कोणाकडे किती सत्य होते याचा निर्णय वाचकांनी करावा. डोंगरातल्या त्या घरांनी मात्र बारा वर्षे धीर धरला, हे विसरून चालणार नाही.

आपल्या देशात ही प्रथा फारशी पसरलेली नाही. हे पद पुन्हा सुरू करावे किंवा नाही, हे त्या त्या देशाच्या बिशपांवर सोपविलेले आहे. म्हणून सर्वत्र एकच स्थिती नाही. तथापि मुंबईच्या महाधर्मप्रांतात या शतकात विवाहित पुरुषांना डीकनची दीक्षा मिळाली आहे. तेव्हा आपल्या वाचकांपैकी एखाद्याला आगगाडीत शेजारी बसलेला, मांडीवर पिशवी घेतलेला साधा गृहस्थ डीकन असल्याचे कळले, तर त्याने नवल मानू नये. त्याच्या अंगावर बहुधा झगा नसेल, आणि त्याला पाहून कोणी उठून उभे राहणार नाही. सेवकाच्या पदाला ते साजेसेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, या माहितीतून आपण काय घ्यावे? आपणांपैकी सर्वजण डीकन होणार नाहीत. पुष्कळांचा तर धर्मही निराळा आहे. परंतु आपण सर्वजण एका घरात राहतो, आणि त्या घराबाहेर दुःखी माणसे आहेत, एवढी गोष्ट सर्वांना सारखीच लागू आहे. काहीजण घराचे निमित्त सांगून बाहेरच्यांची सेवा टाळतात; काहीजण बाहेरच्या सेवेचे निमित्त सांगून घरच्यांना विसरतात. या दोन्ही पळवाटा डीकनला बंद आहेत. पत्नीच्या संमतीवाचून त्याला वेदीपाशी जाता येत नाही, आणि गोरगरिबांकडे पाठ फिरवून त्याला वेदीपाशी राहता येत नाही. आपल्या आईला घरकामात हातभार न लावता जो सभेत समाजसेवेवर भाषण करतो, किंवा आपल्या घरची चूल पेटली म्हणजे शेजारच्या न पेटलेल्या चुलीची ज्याला आठवण राहत नाही, त्या दोघांनीही कैसरियाच्या त्या घराचे स्मरण करावे. तेथे एक पिता आपल्या चार मुलींसह राहत होता, आणि एके काळी ज्याने त्याला परागंदा केले होते, त्यालाही तेथे जेवणाचे पान वाढले गेले.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाला सेवेची गोडी पुस्तकाने लागत नाही. आपला बाप दमून घरी आल्यावरही शेजारच्या आजाऱ्याची चौकशी करून येतो, आणि परत आल्यावर आईशी गोड बोलतो, हे ज्या मुलाने रोज पाहिले आहे, त्याला निराळा धडा देण्याचे कारण उरत नाही. त्या सात जणांची निवड झाली तेव्हा त्यांचा लौकिक चांगला असावा, असे प्रेषितांनी सांगितले; आणि मनुष्याचा लौकिक पहिल्याने ठरतो तो त्याच्या घरात.